नर्सिंगच्या थिअऱ्या: चार्टावर नेमका काय फरक पडतो?

केसपेपर

मुंबईतल्या कुठल्याही नर्सिंग कॉलेजचा केअर प्लॅन उघडा. पहिल्या पानावर रंगीत पेनाने काढलेला थिअरीचा आराखडा असतो: चौकोन, बाण, खाली थिअरिस्टचं नाव. दुसऱ्या पानावर नांदाची (नर्सिंगच्या निदानांची ठरलेली यादी) निदानं सुरू होतात आणि तिथून पुढे ओरेमची थिअरी घेतलेल्या मुलीचा व रॉयची घेतलेल्या मुलाचा प्लॅन शब्दाला शब्द सारखा. वेदना आहे, पोझिशन द्या, औषध द्या, अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. मग ते पहिलं पान काढलं कशाला?

म्हणून हा धागा. पेशंट तोच ठेवून थिअरी बदलली, तर असेसमेंटमध्ये, कामाच्या वाटणीत आणि ओव्हर देताना (पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना) काय बदललं पाहिजे? व्यक्ती, परिसर, आरोग्य, नर्सिंग हे चार मेटापॅराडाइम (सगळ्या थिअऱ्यांच्या मुळाशी असलेल्या कल्पना) सगळ्यांना पाठ आहेत, ते इथे नकोत. 'आमच्या वेळी' छापाचे किस्सेही नकोत. पेशंट, चार्ट आणि पद्धत, एवढ्यावरच बोलूया.

मोरपंखी

चांगला विषय. एक पेशंट ठरवून घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

पुरुष, वय ५८, टॅक्सी चालवतात. उजव्या मेंदूचा स्ट्रोक, डावी बाजू लुळी. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी फीडची नळी) आणि फोलीज (लघवीची नळी) आहे. डाव्या बाजूचं भान कमी, म्हणजे ताटातलं डावीकडचं दिसतच नाही असा प्रकार. बायको दिवसभर शेजारी, रात्री मुलगा.

हेंडरसनच्या थिअरीतल्या १४ गरजा घेतल्या तर तपासणी श्वासापासून सुरू होऊन खाणं-पिणं, मलमूत्र, हालचाल, झोप, कपडे, तापमान, स्वच्छता, धोका, बोलणं, श्रद्धा, काम, करमणूक, शिकणं इथवर जाते. हिचा फायदा असा की काही सुटत नाही. 'धोका टाळणे' या ओळीवर आलात की विचारावंच लागतं, बेल कुठल्या हाताला ठेवलीय? डावीकडे असेल तर या पेशंटसाठी ती नसल्यातच जमा. सुरुवातीला बेल, पाणी, चष्मा सगळं उजवीकडे. 'हालचाल' या ओळीवर डावा खांदा येतो. उशीचा आधार हवा आणि उठवताना तो हात धरून ओढायचा नाही, नाहीतर खांदा निखळतो.

ओरेम घेतलीत तर याच यादीला एक रकाना वाढतो: हे कोण करणार? तोंड धुणं उजव्या हाताने ते स्वतः करतील. कूस बदलणं नर्स आणि मावशी (वॉर्डातल्या मदतनीस). ट्यूबचं फीड आज नर्स देईल, बायको बघेल. परवा बायको देईल, नर्स बघेल. हा रकाना रोज बदलला पाहिजे. आठ दिवस तोच राहिला तर थिअरी पहिल्या पानावरच राहिली असं समजा.

रॉय घेतलीत तर शारीरिक बाजू एका मोडमध्ये संपते आणि आणखी तीन उरतात: स्वतःबद्दलची प्रतिमा, भूमिका, परस्परावलंबन. टॅक्सी आता कोण चालवणार, कर्जाचा हप्ता आहे का, बायकोकडून अंग पुसून घेताना माणूस तोंड का फिरवतो, हे प्रश्न रॉयच्या फॉर्मवर छापलेले असतात. हेंडरसनकडे ते 'काम' या एका ओळीत दबून जातात.

फॉर्मवर जे छापलंय तेच विचारलं जातं, हे वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. थिअरी चालते ती तिथे.

दादरपूर्व

कागदावर छान आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स असं आहे. प्रत्यक्ष जनरल वॉर्डात रात्री काय प्रमाण असतं ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे, जमिनीवरच्या गाद्या वेगळ्याच. तिथे कुणी रॉयचे चार मोड भरणार? टीपीआर (ताप, नाडी, श्वास), इंजेक्शनं, आयव्ही, सॅम्पल, इनटेक-आउटपुट यातच पाळी संपते. थिअरी ही एम.एस्सी. करणाऱ्यांची चैन आहे. काडी टाकून जातोय.

ट्यूटरबाई

दादरपूर्व, काडी घेतली. माणसं कमी असतात तेव्हाच वाटणीची पद्धत लागते आणि ओरेमच्या तीन व्यवस्था म्हणजे वाटणीच आहे. ओव्हर घेताना प्रत्येक बेडच्या नंबरापुढे एकच अक्षर लिहायचं.

'पू' म्हणजे पूर्ण आपल्यावर: बेशुद्ध, व्हेंटिलेटरवरचे, शुद्ध नीट न आलेले. 'अ' म्हणजे अर्धं त्यांचं, अर्धं आपलं. 'शि' म्हणजे हातपाय चालतात, फक्त शिकवायचं आणि पाठीशी राहायचं. तीस बेडला दोन मिनिटंही लागत नाहीत. मग मावशींना कुठे लावायचं, विद्यार्थ्यांना कुठे पाठवायचं, नातेवाइकांना काय सांगायचं हे त्या कागदावरूनच ठरतं.

यात हमखास फसतं ते 'शि' गटात. हे पेशंट बेल वाजवत नाहीत, चालत टॉयलेटला जातात, हसून बोलतात, म्हणून त्यांच्याकडे कुणी फिरकतच नाही. उद्या डिस्चार्ज आणि इन्सुलिनची सिरिंज अजून हातात घेतलेली नाही. चार दिवसांत शुगर ४०० घेऊन किंवा घाम फुटून तोच पेशंट कॅज्युअल्टीत परत. 'पू' गटाचं काम डोळ्यांना दिसतं, 'शि' गटाचं दिसत नाही. म्हणून त्याला रोज दहा मिनिटं आधीच राखून ठेवायची.

आडवाचार्ट

इन्सुलिनचा विषय निघालाच आहे तर 'शिकवलं' या शब्दात काय काय येतं ते लिहितो, कारण चार्टावर 'हेल्थ एज्युकेशन गिव्हन' एवढंच असतं.

आपल्याकडे ४० युनिटची व्हायल अजून सर्रास चालते आणि १०० युनिटचीही मिळते. ४० साठी लाल टोपीची सिरिंज, १०० साठी केशरी. डोस २० युनिट आहे असं धरा. ४० च्या व्हायलमधून केशरी सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर जातात ८ युनिट. उलट १०० च्या व्हायलमधून लाल सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर जातात ५० युनिट, म्हणजे डोसच्या अडीचपट. तेव्हा पहिला धडा टोचण्याचा नाहीच. व्हायलवरचा आकडा आणि टोपीचा रंग जुळवायचा, केमिस्टच्या काउंटरवर उभं राहूनच.

नंतर: दुधाळ इन्सुलिन तळहातात हळू फिरवून एकसारखं करायचं, गदागदा हलवायचं नाही. बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचायचं, रोज जागा सरकवायची. त्याच ठिकाणी टोचत राहिलं की गाठ धरते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. न उघडलेली व्हायल २ ते ८ अंशात, फ्रीजच्या दारात चालेल, फ्रीझरमध्ये कधीच नाही. उघडलेली साधारण चार आठवडे.

शुगर ७० च्या खाली गेली किंवा थरथर, घाम, भूक सुरू झाली तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

ओरेमच्या भाषेत हे सगळं 'मागणी' झालं. त्यासमोर 'क्षमता' मांडायची. नजर कशी आहे, सिरिंजवरची रेघ दिसते का? घरात फ्रीज आहे का? ड्युटी रात्रीची असेल तर जेवणाची वेळ काय? या दोन्हींमधला जो फरक तीच नर्सिंगची गरज. चष्म्याचा नंबर वाढलाय आणि घरी फ्रीज नाही अशा माणसाला टोचण्याचं तंत्र तीनदा दाखवून काय उपयोग? तिथे मुलीला शिकवायचं आणि व्हायल ठेवायला ओल्या वाळूतल्या मडक्याची सोय सांगायची. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कपाटात ठेवलेलं इन्सुलिन टिकत नाही.

मोरपंखी

स्टोमाच्या (शौचासाठी पोटावर काढलेलं तोंड) पेशंटलाही हेच गणित. पहिले दोन दिवस पूर्ण नर्सचं, पेशंट त्या जागेकडे बघतही नाही. मग बॅग रिकामी करणं त्याच्याकडे, बदलणं आपल्याकडे. घरी जायच्या आधी निदान दोनदा त्याने स्वतः बदललेली असली पाहिजे. एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची. पूर्ण भरू दिली तर वजनाने फ्लँज (कातडीला चिकटणारी चकती) सुटते. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. जास्त कापलं की शौच त्वचेला लागून कातडी सोलवटते, मग फ्लँज चिकटत नाही, मग गळते आणि अजून सोलवटते. सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून घरीही पुन्हा मापायचं. पहिल्या दिवशीचं कापलेलं माप जपून ठेवून महिनोन्‌महिने तेच वापरणारे बरेच असतात.

घामट_जून

कुणी नाइटिंगेलचं नाव घेतलं नाही अजून? सगळ्यात जुनी म्हणून सगळ्यात सोपी समजतात तिला.

१८५९ च्या तिच्या पुस्तकात पहिला नियम हवेचा आहे: आतली हवा बाहेरच्याइतकी शुद्ध ठेवा, पण रुग्णाला गारठवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या नैसर्गिक वायुवीजनाच्या शिफारशीत साध्या वॉर्डासाठी दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा आणि हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या खोलीसाठी १६० लिटर असे आकडे आहेत. म्हणजे खिडकी उघडी ठेवणं हा नर्सिंगचा हस्तक्षेप आहे, शिपायाचं काम नाही.

मुंबईत हा हस्तक्षेप तीन गोष्टी हाणून पाडतात. पाऊस, कबुतरं आणि स्प्लिट एसी. पावसात झापडं बंद होतात ती सप्टेंबरपर्यंत उघडत नाहीत. कबुतरांसाठी लावलेली जाळी धूळ आणि पिसांनी गच्च भरते, खिडकी उघडी दिसते पण हवा येत नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, ताजी हवा आणत नाही. त्यामुळे खोकणारा, थुंकीत टीबीचे जंतू सापडलेला पेशंट एसी खोलीत दार लावून ठेवणं म्हणजे 'वेगळं ठेवलं' नव्हे.

करण्यासारखं: हवा कुठून येते, कुठे जाते ते उदबत्तीच्या धुराने बघायचं (ऑक्सिजन सुरू नसेल अशा जागीच, हे सांगायला लागू नये). टीबीचा संशय असलेला बेड हवा बाहेर पडते त्या टोकाला. नर्सचं टेबल हवा येते त्या बाजूला. जाळी महिन्याला झाडून घ्यायची आणि त्याची नोंद हाउसकीपिंगच्या वहीत. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलपुरता हा विषय नाही, कुठल्याही मेडिसिन वॉर्डात निदान न झालेला टीबी असतोच.

तिचं दुसरं एक प्रकरण आहे, तिने त्याला 'क्षुल्लक व्यवस्थापन' म्हटलंय. मजकूर मुळीच क्षुल्लक नाही. तुम्ही हजर असताना जे करता ते तुम्ही नसतानाही होईल अशी व्यवस्था लावणे. आज आपण ज्याला ओव्हर म्हणतो ते हेच.

दादरपूर्व

जाळीचा मुद्दा मान्य. पण त्याला थिअरी कशाला हवी, अक्कल पुरे.

घामट_जून

अक्कल सगळ्यांना आहे, जाळी तरी गच्च आहे. कारण ती कुणाच्याच फॉर्मवर नाही.

केसपेपर

:) पुढे.

मोरपंखींच्या पेशंटबद्दल एक अडचण विचारतो. रायल्स ट्यूबने फीड चालू आहे, म्हणजे डोकं ३० ते ४५ अंश वर. त्याच वेळी बेडसोरचा धोका आहे आणि डोकं ३० च्या वर ठेवलं की पेशंट खाली घसरतो, माकडहाडावरची कातडी ओढली जाते. दोन्ही सूचना बरोबर आहेत. थिअरी इथे काय सांगते?

ट्यूटरबाई

हेंडरसन सांगते की या दोन्ही गरजा आहेत, पण भांडण ती सोडवत नाही. ते काम नर्सच्या निर्णयाचं. (बरेच जण हेंडरसनच्या १४ गरजांना मॅस्लोचा पिरॅमिड समजून 'पहिली जिंकते' असं लिहितात. क्रमांक म्हणजे प्राधान्य नव्हे.)

उत्तर: नेमकं ३० अंश. फीड चालू असताना आणि नंतर अर्धा ते एक तास. आधी पलंगाचा गुडघ्यांखाली येणारा भाग उचलायचा, मग डोक्याकडचा, म्हणजे घसरण कमी होते. वर सरकवताना चादरीने दोघांनी उचलायचं, काखेत हात घालून ओढायचं नाही, त्यातून या पेशंटचा तर डावा खांदा. फीडची वेळ संपली की डोकं उतरवून ३० अंशाची कूस. दोन तासांनी कूस बदलायची ती फीडच्या आधी येईल असं वेळापत्रक आखायचं, नंतर नव्हे. टाचा उशीवर टेकवायच्या नाहीत, पोटरीखाली उशी देऊन अधांतरी ठेवायच्या.

ब्रेडनचे (बेडसोरचा धोका मोजायची पट्टी) मार्क रोज काढा. सहा ते २३ मध्ये १८ किंवा कमी म्हणजे धोका. पण नुसती बेरीज लिहून उपयोग नाही. १४ मार्क ओलाव्यामुळे आले की हालचालीमुळे, यावर उपाय बदलतो. ओलाव्यासाठी डायपर आणि बॅरिअर क्रीम, हालचालीसाठी कूस.

शिवडी_लोकल

मॅटर्निटीवाल्यांसाठी लायनिंगर, म्हणजे संस्कृती धरून काळजी घेण्याची थिअरी. 'संस्कृतीचा आदर करावा' एवढंच लिहून मुलं मोकळी होतात. तिच्याकडे तीन ठोस मार्ग आहेत आणि प्रत्येक प्रथेला त्यातला एक निवडावाच लागतो: जपणे, तडजोड करणे, बदलायला मदत करणे.

जपणे: बाळंतिणीने कान बांधणे, अळिवाची खीर, बाळाच्या कानात अजान. कुणाचं काही बिघडत नाही, बाळ आईच्या छातीवर असतानाही अजान देता येते. डिंकाचे लाडूही इथेच, फक्त गरोदरपणात शुगर निघाली असेल तर ते दुसऱ्या गटात जातात.

तडजोड: काजळ डोळ्यात नको, तीट तळपायाला लावा. मंगळसूत्र सिझेरियनच्या आधी काढायचं, कारण कॉटरीच्या (विजेने रक्तवाहिन्या डागण्याचं उपकरण) वेळी धातूमुळे भाजण्याचा धोका. पण 'काढा' म्हणून हात पुढे करायचा नाही. वाट्या-सोनं नातेवाइकाला देऊन वहीत सही घ्यायची आणि ऑपरेशन थिएटरचा नियम परवानगी देत असेल तर काळे मणी दोऱ्यात ठेवायचे. उपवास करणाऱ्या बाळंतिणीला पाणी, दूध, शेंगदाणे, राजगिरा चालतं का ते विचारायचं. बहुतेक वेळा चालतं.

बदलणे: बाळाला मध चाटवणे, बंद खोलीत कोळशाची शेगडी, चीक पिळून टाकणे. मधातून एक वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. बंद खोलीतल्या शेगडीत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. इथे तडजोड नाही. पण हे आईला सांगून भागत नाही, कारण निर्णय तिचा नसतोच. सासूबाई किंवा आजी भेटीच्या वेळेत येतात तेव्हा त्यांच्याशी बोलायचं, तेही 'चूक आहे' म्हणून नाही. 'आजी, शेकाला गरम पाण्याची पिशवी घेऊ, शेगडी बाहेर ठेवू,' असं म्हटलं की शेक राहतो आणि धूर जातो.

गडबड होते ती सगळंच एका गटात टाकल्यामुळे. एकतर सगळ्याला मान डोलावतात, नाहीतर सगळ्यावर डाफरतात. मग आई घरी जाऊन करायचं तेच करते, फक्त सांगत नाही.

आडवाचार्ट

याला जोडून पेप्लाऊ, नर्स-पेशंट नात्याची थिअरी मांडणारी. १९५२ पासून मानसोपचाराच्या पेपरात अडकलीय बिचारी. तिने चिंतेच्या चार पायऱ्या मांडल्या: सौम्य, मध्यम, तीव्र, पॅनिक. शिकवलेलं डोक्यात शिरतं ते पहिल्या दोन पायऱ्यांवर. तीव्र चिंतेत माणसाला एकच गोष्ट दिसते. आपल्याकडे डिस्चार्जचा सल्ला कधी देतात? बिल भरायची धावपळ, खाली टॅक्सी उभी, नातेवाईक फाइल शोधतोय. नेमकी चुकीची वेळ. आदल्या संध्याकाळी द्या, तीन गोष्टींपलीकडे जाऊ नका आणि 'समजलं का?' ऐवजी 'घरी गेल्यावर पहिली गोळी कधी घ्याल, सांगा बरं' असं विचारा. 'समजलं का'ला सगळे हो म्हणतात.

दादरपूर्व

हे पटलं. उद्यापासून संध्याकाळी.

मग कुठली थिअरी कुठे लावू नये तेही सांगा. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) मुलं अडकतात ती तिथेच.

ट्यूटरबाई

थोडक्यात. किंगची ध्येयप्राप्ती बेशुद्ध पेशंटला लावू नका. नर्स आणि पेशंटने मिळून ध्येय ठरवणं हाच तिचा गाभा, तिथे बोलणार कोण? फार तर नातेवाइकांसोबत, आणि तसं स्पष्ट लिहा. पेंडरची आरोग्यवर्धनाची थिअरी हार्ट अटॅकच्या पहिल्या तासांत नको. ती भीतीला प्रेरणा मानत नाही, आरोग्य वाढवण्याबद्दल आहे. पुनर्वसनाच्या ओपीडीत मात्र उत्तम. कोल्काबाची कम्फर्ट थिअरी पॅलिएटिव्हमध्ये (बरा न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करण्याच्या सेवेत) घ्या. आरामाचे तीन प्रकार आणि चार क्षेत्रं असा बारा घरांचा तक्ता आहे, घरं रिकामी राहिली की लगेच कळतं. बेनर (नवख्यापासून तज्ज्ञापर्यंत नर्सच्या पायऱ्या मांडणारी) पेशंटसाठी नाहीच, ती ड्युटी लावणाऱ्या इनचार्ज सिस्टरसाठी. सक्षम व्हायला त्याच प्रकारच्या वॉर्डात दोन-तीन वर्षं लागतात असं ती १९८४ मध्ये लिहून गेली. मेडिसिनमधली कसलेली सिस्टर डायलिसिसला टाकली की तिथे ती पुन्हा नवखी असते, पगार आणि वय काहीही असो. रात्रपाळीत दोन नवख्या एकत्र लावू नयेत, एवढं पाळलं तरी बेनर वापरली.

केसपेपर

मग केअर प्लॅनचा नमुना असा करतोय, दुरुस्त्या सुचवा. रंगीत आराखडा रद्द. त्याऐवजी तीन ओळी: ही थिअरी का निवडली, तिने कुठला प्रश्न विचारायला लावला जो नेहमीच्या फॉर्ममध्ये नव्हता, त्या उत्तरामुळे कुठली कृती बदलली. तिसरी ओळ रिकामी असेल तर प्लॅन परत. त्याखाली तक्ता: गरज, आज कोण करणार, उद्या कोण करणार, तपासलं कधी.

मोरपंखी

'आज कोण' मध्ये 'नातेवाईक' असं लिहू देऊ नका. बायको की मुलगा, दिवसा की रात्री, ते लिहायला लावा. आपल्या पेशंटची बायको फीड द्यायला शिकली आणि रात्री दहाचं फीड मुलाने डोकं सपाट ठेवून दिलं, तर शिकवलं कुणाला?

घामट_जून

आणि पाचवा रकाना 'परिसर'. बेल, खिडकी, दिवा, आवाज. एका शब्दात भरता येतो.

केसपेपर

दोन्ही घेतले. पुढच्या बॅचच्या पोस्टिंगपासून हाच फॉर्म. सही पाळी संपताना, ओव्हरच्या वेळी बेडशेजारी. टेबलावर बसून भरलेला चालणार नाही.